खाणीतली फियाट

जुन्या मोटारीचं इंजिन अस्सल आहे की नाही हे बघायचं असेल तर उमेळ्याच्या कल्पेशला बोलवा, असं बांद्र्यापासून सुरतेपर्यंतची शौकीन मंडळी एकमेकांना सांगायची. गाडी कितीही चकचकीत असो, व्यवहार ठरायच्या आधी कुणीतरी कल्पेशला घेऊन जायचं. तो रंगाकडे, नव्या सीटांकडे ढुंकूनही बघायचा नाही. बॉनेट उघडायचा, इंजिनाच्या कुशीत हात घालायचा आणि ब्लॉकवर ठोकलेल्या आकड्यांवरून बोट फिरवायचा. कारखान्यात ठोकलेला आकडा एका घावात बसलेला असतो. मागाहून घासून नवा ठोकला असेल तर भोवतालचं लोखंड बोटाला किंचित खोलगट लागतं, डोळ्यांना दिसलं नाही तरी. "हे इंजिन या गाडीचं नाही," असं तो म्हणाला की विकणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि कित्येकदा घेणाऱ्याचाही. कारण घेणाराही मनातून गाडीवर लट्टू झालेला असायचा. कल्पेश मात्र शब्द फिरवायचा नाही. खरं तेच बोलायचं, एवढंच त्याच्या धंद्याचं भांडवल होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एका सकाळी त्याला पोलीस ठाण्यातून फोन आला. विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक जुनी दगडखाण होती. तिथलं काम बंद पडून जमाना झाला होता आणि पाणी साचून तिचं तळं झालं होतं. आता तिथे टॉवर उभे राहायचे होते, म्हणून बिल्डरने पंप लावून पाणी उपसायला घेतलं. तळाच्या गाळात एक मोटार निघाली.

"नंबरप्लेट नाही, कागद नाही, काही नाही," फौजदार तेजस्वी फोनवर म्हणाली. ठाण्यात नवीनच बदलून आलेली ही मुलगी कामाला चोख होती. "गाडी फार जुनी आहे, काका. आत हाडं मिळाली आहेत. इंजिनाचा नंबर काढून दिलात तर मालकाचा माग लागेल."

 कल्पेशने पितळी ब्रश, गंज सोडवायचं औषध, खडू आणि टॉर्च पिशवीत भरला आणि मोटारसायकल काढली.

क्रेनने गाडी काठावर आणून ठेवली होती. छपराचं जाळं झालेलं, दारं गळून पडलेली. पण तो पुढचा फुगीर तोंडवळा, नाक वर काढून बसलेल्या डुकरासारखा, त्याने लांबूनच ओळखला. डुक्कर फियाट. एके काळी मुंबईत गल्लोगल्ली दिसायची. कल्पेशने आयुष्यात अशा शेकडो बघितल्या होत्या आणि एकीचंही बॉनेट उघडल्याशिवाय तो पुढे गेला नव्हता.  त्याने बाह्या वर केल्या.

त्या हट्टाला कारण होतं.

कल्पेश लहान असताना उमेळ्यात मोटार म्हणजे त्याच्या बापाची, रामूची. बाकीचं गाव भात, भाजीपाला आणि खाडीची मासळी यांवर जगणारं. रामूला मात्र शेतापेक्षा चाकांचा नाद. त्याने मुंबईच्या एका पारशाची जुनी डुक्कर फियाट घेतली आणि गावाचा सारथी झाला. नवरदेव असो, अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला गडी असो, रामू उठायचा आणि किल्ली फिरवायचा. संध्याकाळी फुरसत मिळाली की पोराला मडगार्डवर बसवायचा आणि इंजिनावरच्या आकड्यांवर त्याचं बोट ठेवून विचारायचा, "बोल, हा कोन?" कल्पेश इंग्रजी आकडे शाळेत शिकलाच नाही, त्या इंजिनावर शिकला. शून्य, चार, सात, तीन, एक, नऊ. त्यातला सात इतरांच्या ओळीतून खाली घसरलेला. "हा ताडी पिऊन पडलाय," रामू म्हणायचा आणि बापलेक खिदळायचे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात रामू एका रात्री गाडी घेऊन गेला तो आलाच नाही. त्याच रात्री खालच्या आळीतली सुझान, दवाखान्यातली तरणीताठी नर्स, घरातून नाहीशी झाली. गावाने सुतावरून स्वर्ग गाठला. सुझानचा मोठा भाऊ हिलरी चार माणसं आणि काठ्या घेऊन रामूच्या दारात आला. दारात होती फक्त बायजा, रामूची बायको, एक पोर कडेवर आणि एक पदराला धरून. हिलरीने काठी अंगणात आपटली आणि तो माघारी गेला. पुढे पत्र आलं की सुझान बहारीनला नर्स आहे. मग काय, रामूही तिथेच असणार. पळून गेलेल्याची तक्रार पोलिसांत कोण देणार? कुणी दिली नाही.

पदराला धरलेला तो पोरगा त्यानंतर प्रत्येक डुक्कर फियाटच्या मागे धावू लागला. लग्नाच्या मांडवाबाहेर, स्टेशनच्या टॅक्सीतळावर, भंगारवाल्यांच्या आवारात. गाडी दिसली की तो हातापाया पडून बॉनेट उघडायला लावायचा. लहानपणी त्याला बाप हवा होता. मिसरूड फुटल्यावर बापाचे दात पाडायचे होते. घसरलेला सात त्याला कुठेच मिळाला नाही, पण हजारो इंजिनं वाचून बोटं तयार झाली. पुढे कुणी इंजिन दाखवायला आणलं की तो सांगू लागला आणि त्याचाच धंदा झाला. लग्न त्याने केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, वेळच झाला नाही.

आता त्याने गाळ खरवडला. जागा त्याला ठाऊक होती. औषधाचा बोळा दाबून ठेवला, थांबला, ब्रशने हलकेच घासलं, खडू चोळला आणि टॉर्च आडवा धरला. वरचं लोखंड गंजाने चाळणीसारखं झालं होतं. पण ठोकलेल्या आकड्याखाली लोखंड घट्ट दाबलेलं असतं, ते सहजासहजी मरत नाही. शून्य दिसलं. मग चार. तिसऱ्या आकड्यावर उजेड पोचायच्या आधीच त्याचं बोट तिथे गेलं.

सात खाली घसरलेला होता.

पुढचे आकडे त्याने वाचले की आठवले, हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. तो तसाच वाकून राहिला. मागे पंपाचा आवाज चालू होता. गाडीच्या पलीकडे ताडपत्रीवर काहीतरी झाकून ठेवलं होतं.

"किती जण होते आत?" त्याने मान वर न करता विचारलं.

"डॉक्टर म्हणतात एकच. पुरुष असावा," तेजस्वी म्हणाली. "काका, काही दिसतंय?"

"नाही," कल्पेश म्हणाला. "गंजाने खाल्लाय. वाचता येत नाही."

उभ्या आयुष्यात इंजिनाबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला होता.

घरी आला तेव्हा बायजा पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होती. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. कपाळावर नेहमीसारखं ठसठशीत कुंकू. त्या कुंकवाकडे कल्पेशला बघवेना.

त्या कुंकवाने तिला सुखाने जगू दिलं नव्हतं. नवरा मेला असता तर ती रांडाव झाली असती, रडून मोकळी झाली असती. नवरा टाकून गेला, म्हणजे तो आहे. तो आहे, म्हणजे ती अहेव. पण हळदीकुंकवाला बायका तिच्यापाशी आल्या की करंड घेतलेला हात जरा अडायचा. कुणी लावायच्या, कुणी नजर चुकवून पुढच्या बाईकडे वळायच्या. मुलीच्या, दिपिकाच्या लग्नात तर भटजींनीच विचारलं होतं, "आई बसणार का विधीला?"  शेवटी दिपिकाचे मामा-मामी बसले आणि बायजा आत जाऊन भांडी मोजत बसली. तरी रोज अंघोळ झाली की आरशासमोर उभी राहून ती कुंकू लावायची. कुणी टोकलं तर म्हणायची, "तो येल तवा मना वळखायला नको?" हे ती चेष्टेत म्हणते की खरंच, कल्पेशला कधी कळलं नाही.

"जेवत का नाय?" तिने विचारलं.

"पोटात बरं नाही, आय."

चार दिवस तो असाच घोटाळत राहिला. गॅरेजमध्ये जायचा, पाना हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. सगळा जन्म ज्याच्यावर आपण दात खाऊन होतो, तो माणूस कुठेच गेला नव्हता. विरारला, हाकेच्या अंतरावर, पाण्याखाली बसून होता. त्याचा राग करायचा तर आता कुणावर करायचा, आणि रडायचं तर रडू येत नव्हतं. पाचव्या दिवशी तो बहिणीकडे गेला.

दिपिका मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावर राहायची. पतपेढीत नोकरीला होती. त्याने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने गॅस बंद केला आणि खिडकीपाशी गेली. खिडकीतून ती खाण दिसायची. बापाचं तोंडही तिला आठवत नव्हतं.

"आमचा गणपती आम्ही दर वर्षी तिथेच बुडवतो, दादा," ती म्हणाली. "मोरया मोरया म्हणत. पोरं उतरायची पाण्यात."

कल्पेश तिच्या मागे येऊन खिडकीतून बघू लागला.

"आयला सांगितलंस?"

"कसं सांगू? तिचं कुंकू पुसायला मी जाऊ?"

दिपिका गर्रकन वळली. "तिचं कुंकू कुणी तिला धड लावूही दिलं नाही, आणि तू पुसायची काळजी करतोस? तिला आजपर्यंत टाकलेली म्हणत आले लोक. टाकलं नव्हतं रे तिला! चल, मी येते."

दोघं आली तेव्हा बायजाने दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. कल्पेशने खाली बसून सांगायला सुरुवात केली. गाडी निघाली, फियाट, इंजिनाचा नंबर मी स्वतः बघितला. हाडांपाशी तो अडला. ते दिपिकाने सांगितलं.

बायजा रडली नाही. तिने पहिला प्रश्न विचारला, "येकलाच व्हता?"

"एकटाच, आय."

"नीट बगितलंस?"

"डॉक्टरांनी बघितलं. एकाच माणसाची आहेत."

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग तिने दुसरा प्रश्न विचारला आणि तो कल्पेशच्या काळजात रुतून बसला. "जात व्हता का येत व्हता?"

"म्हणजे?"

"गाडीचं त्वांड कुनीकडं व्हतं?"

 क्रेनवाल्यांनी गाडी ओढून काढली होती. पाण्यात पडताना ती उलटली असेल, गाळात फिरली असेल. इंजिन कोणतं हे नंबर सांगतो. गाडी कुणीकडे निघाली होती ते नंबर सांगत नाही. 'येत होता' असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही, पण आईचे डोळे त्याच्यावर रोखलेले होते.

"ठाऊक नाही, आय," तो म्हणाला.

बायजा उठली. आत जाऊन तिने धुतलेलं लुगडं नेसलं, पायांत वहाणा घातल्या आणि म्हणाली, "चला."

"कुठे?"

"सुजानकडं."

सुझान बहारीनची नोकरी संपवून वीसेक वर्षांपूर्वी परत आली होती, एकटीच. लग्न तिनेही केलं नव्हतं. हिलरी तोवर वारला होता आणि ती त्याच्या मुलाकडे, आग्नेलकडे राहत होती. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाताना ती बायजाच्या दारावरून जायची. ती दिसली की बायजा दार लावून घ्यायची. परत आली तेव्हा तिच्यासोबत रामू नाही हे गावाने बघितलं होतं, पण गावाकडे त्याचंही उत्तर होतं: तिकडे तिलाही टाकलं असेल त्याने.

अंगणातल्या क्रुसापाशी आग्नेल पाइपने पाणी घालत होता. बायजाला फाटकात बघून त्याच्या हातातला पाइप खाली पडला. "या... या ना, बायजामावशी," तो चाचरत म्हणाला आणि आत धावला.

सुझान बाहेर आली. पिकलेले केस, जाड भिंगांचा चष्मा, अंगात साधा फुलाफुलांचा झगा. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. बसा म्हणायचं तिला सुचलं नाही.

"रामू गावला," बायजा म्हणाली. "खानीत, पान्यात. गाडीतच व्हता. येकलाच."

सुझानने छातीवर क्रूस केला. मग पडवीच्या कठड्याला धरून ती हळूहळू खाली बसली. 

"मला विमानतळावर त्यानेच सोडलं," ती म्हणाली.

 दिपिकाने कल्पेशचा हात घट्ट धरला.

"हिलरीने माझं लग्न ठरवलं होतं," सुझान सांगू लागली. "मला बहारीनच्या इस्पितळात काम मिळालं होतं. घरी बोलले असते तर पाय मोडून ठेवले असते त्याने. मी रामूदादाला म्हटलं, मला सोड आणि कुणाला सांगू नको. बायजालासुद्धा नको. बाईच्या तोंडून बाईला, आणि मग गावभर. तो म्हणाला, सुझान, माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सांताक्रूझला माझी पेटी स्वतः आत नेऊन दिली. म्हणाला, सकाळचं दूध यायच्या आत घरी पोचतो. ते शेवटचं."

बायजा तिच्यासमोर खाली बसली. "येवडी वर्सं तुला ठाव व्हतं आनि तू बोलली नायस?"

"काय बोलणार होते? गावाने मला त्याच्या गाडीत बसवूनच ठेवलं होतं. हो, मी गाडीत होते, असं म्हटलं असतं तर पुढचं कुणी ऐकलं असतं? तो घरी पोचलाच नाही, हे मला दोन महिन्यांनी पत्रातून कळलं. मला वाटलं, त्याला गाव सोडायचंच होतं, माझं निमित्त झालं. मीही त्याला शिव्या दिल्या, बायजा. माझं नाव त्याच्यामुळे गेलं म्हणून."

"तू सांगितलं असतंस तं आमी शोदला असता. कुनी तरी शोदला असता त्याला!"

"तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं." सुझानचा आवाज पहिल्यांदाच चढला. "परत आल्यापासून रोज तुझ्या दारावरून गेले. दुसऱ्या वाटेने जाता येत होतं मला. रोज वाटायचं, आज ती हाक मारील. तू दार लावायचीस."

 आग्नेलच्या बायकोने पाण्याचे पेले आणून ठेवले, ते तसेच राहिले.

दिपिकाने डोळे पुसले. "म्हणजे बाबा परत येत होते, आय. तिला सोडून घरीच येत होते."

कल्पेशलाही तेच म्हणायचं होतं. पण रस्ते त्याच्या डोक्यात पक्के बसलेले होते. विमानतळावरून हायवेने वर आलं की वसईचा फाटा आधी लागतो. उमेळ्याला यायचं तर तिथेच वळायचं. खाण तर त्याच्या पुष्कळ पुढे, विरार फाट्यावरून आत. दूध यायच्या आत घरी पोचणारा माणूस तिकडे कशाला गेला?

त्याने ते बोलून दाखवलं आणि बोलल्याबरोबर त्याला पश्चात्ताप झाला.

"वसईच्या रस्त्यावर पाणी भरलं असेल," दिपिका घाईने म्हणाली. "भरतंच दर पावसात. म्हणून वरून फिरून येत असतील."

"पाऊस होता त्या रात्री," सुझान म्हणाली. "मुसळधार. विमान उशिरा सुटलं."

बायजाने मान हलवली. "हितं नवता. मी ओटीवर वाट बगत व्हते. चांदनं पडलं व्हतं."

"अगं आय, इतक्या वर्षांपूर्वीचं..."

"मना ती रात शिकवू नको, दिपे." बायजा सावकाश म्हणाली. "चांदनं व्हतं. रस्त्यावं पानी नवतं. उगाच माजं समादान करू नका." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "वाटंत कुनी हात दाकवला आसंल. त्याला नाय म्हनता येत नवतं. हिला तरी कुटं म्हनता आलं?"

ती उठली. सुझानने हात पुढे केला होता, पण बायजाने तो धरला नाही. झिडकारलाही नाही. फाटकापर्यंत जाऊन ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "सकाळी जाशील तवा हाक मार."

दुसऱ्या दिवशी कल्पेश पोलीस ठाण्यात गेला. तेजस्वीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही आणि त्यामुळे त्याला जास्तच लाजल्यासारखं झालं.

"काका, पहिल्यांदा तुम्ही म्हणालात वाचता येत नाही. आता म्हणता वाचलाय, आणि तो तुमच्या वडिलांचा आहे. मी वरती काय सांगू? बेपत्ता असल्याची तक्रार नाही. त्या काळातली नोंदणी सापडत नाही. तुमच्याशिवाय हा नंबर जगात कुणालाच ठाऊक नाही."

"मी खोटं बोललो मॅडम. तेव्हा."

"मला पटतंय," ती म्हणाली. "पण माझ्या पटण्याने होत नाही."

तिने पुण्याहून दुसरा जाणकार बोलावला. त्याने शून्य, चार, सात आणि तीन वाचले. शेवटचे दोन आकडे गंजात गेल्याचं लिहून दिलं. कल्पेशने पुन्हा जाऊन टॉर्च धरला. त्याला सहाच्या सहा आकडे दिसत होते. की दिसताहेत असं वाटत होतं? आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आपल्या बोटांवर भरवसा राहिला नाही. हाडं आणि कल्पेशचं रक्त तपासणीला गेलं. दिवाळी उलटल्यावर उत्तर आलं: नमुना इतकी वर्षं पाण्यात राहिल्याने काही निश्चित सांगता येत नाही.

सरकारी दप्तरात तो माणूस अनोळखीच राहिला. दुसरा कुणी दावेदार नव्हता, म्हणून तेजस्वीने खटपट करून हमीवर हाडं कुटुंबाच्या ताब्यात दिली. तोवर कल्पेशने शब्द फिरवल्याची बातमी शौकीन मंडळींतही पोचली होती. बांद्र्याचा एक जुना गिऱ्हाईक त्याला गाडी दाखवायला घेऊन गेला आणि कल्पेशने "अस्सल आहे" म्हटल्यावर त्याने विचारलं, "नक्की ना, कल्पेशभाई?" असं त्याला याआधी कुणी विचारलं नव्हतं.

खाडीकाठच्या स्मशानात बाया जात नाहीत, पण बायजा गेली. गाव आलं होतं. ज्यांनी करंड घेतलेला हात आखडला होता, त्याही रस्त्यापर्यंत आल्या. सुझान आग्नेलला घेऊन फाटकाबाहेर उभी होती. बायजाने तिला आत बोलावलं नाही. आपणच बाहेर आली आणि चितेचा धूर विरेपर्यंत तिच्या शेजारी उभी राहिली. दोघींच्यात एक हात अंतर होतं.

भटजींनी तिथी विचारली, वर्षश्राद्धासाठी कोणता दिवस धरायचा म्हणून. कल्पेश आणि दिपिका एकमेकांकडे बघू लागले.

"गेला तो नको," बायजा म्हणाली. "गावला तो धरा."

कुंकू तिने कधी पुसलं ते कुणी बघितलं नाही. समारंभ झाला नाही, बांगड्या फुटल्या नाहीत. एके सकाळी कल्पेश चहा घ्यायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की आईचं कपाळ मोकळं आहे, आणि ते कालही मोकळंच होतं. दारावरून हाक आली. बायजाने ओटीवर येऊन सुझानशी चार शब्द केले आणि ती आत आली. चार शब्दच. त्याहून जास्त अजून त्यांच्यात झालेले नाहीत.

कल्पेशला मात्र चैन पडत नाही. गाडीचा शोध संपला, तसा दुसरा लागला. सुटीच्या दिवशी तो मोटारसायकल काढतो आणि सांताक्रूझपासून हायवेने निघतो. वसईचा फाटा आला की थांबतो, मग पुढे जातो. विरार फाट्याच्या आसपासच्या पाड्यांवर म्हातारी माणसं दिसली की त्यांच्याजवळ बसतो, तंबाखू मळून देतो आणि विचारतो: अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, तुमच्याकडे कुणी बाळंतीण अडली होती का? कुणाला साप चावला होता का? कुणी रात्री रस्त्यावर उभं राहून गाडीला हात दाखवला होता का? बहुतेकांना आठवत नाही. कुणाला एक आठवतं, कुणाला भलतंच.

"बस आता," बायजा म्हणते. "नको फिरू."

तो हो म्हणतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघतो.